वाचकांचे प्रश्न : समुद्राखालच्या दरडी आणि त्यांचे ढिगारे

समुद्राच्या तळावर घसरणाऱ्या दरडी आणि त्यांनी मागे सोडलेला गाळ यांवर आलेल्या पत्रांतले नऊ प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांची उत्सुकता ढिगाऱ्याच्या आकाराबद्दल आहे. उत्तरं देताना आम्ही मात्र सारखे त्याच्या कडांकडे आणि तळाकडे वळलो आहोत, कारण घसरण का झाली आणि कधी झाली याचा पुरावा बहुधा तिथेच सापडतो.

प्रश्न : डोंगरातली दरड उभ्या कड्यावरून कोसळते. समुद्रतळाचा उतार तर एक-दोन अंशांचाच असतो असं वाचलं. मग तिथे गाळ घसरतोच कसा?

शंका रास्त आहे, आणि आकडे मांडले की ती आणखी पक्की होते. समुद्रबूड जमीन संपून खंडान्त उतार सुरू होतो तिथेही उतार सरासरी चारेक अंशांचाच असतो. नॉर्वेजवळची स्टोरेगा ही जगातल्या सर्वांत मोठ्या ज्ञात घसरणींपैकी एक. तिथला सरासरी उतार तर एक अंशाहूनही कमी आहे.

हिशेब करून बघू. सावकाश साचलेल्या मऊ चिकण गाळाची शिअर स्ट्रेंथ, म्हणजे थरावरून थर सरकायला होणारा विरोध, वरच्या गाळाच्या पाण्यातल्या वजनाच्या साधारण पाव पट असते. उताराच्या दिशेची ओढ त्याच वजनाच्या साइन गुणिले कोसाइन इतकी. १ अंशाला हा गुणाकार ०.०१७५ येतो. ०.२५ भागिले ०.०१७५ म्हणजे १४. सुरक्षा गुणांक (विरोध भागिले ओढ; तो १ च्या खाली आला की विरोध अपुरा पडतो) १४! असा उतार घसरण्याचं काहीच कारण नाही.

आता ०.१ जी, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या दहाव्या हिश्शाइतक्या त्वरणाचा भूकंप येऊ द्या. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. गाळाची ताकद त्याच्या पाण्यातल्या वजनावर ठरते, पण आडवा हादरा गाळ आणि त्यातलं पाणी अशा सगळ्या वस्तुमानाला ओढतो. गाळाचं एकूण वजन घनमीटरला १६ किलोन्यूटन धरलं, तर पाण्याच्या उद्धरणाचे १० वजा जाऊन ६ उरतात. म्हणजे ०.१ जीच्या हादऱ्याची ओढ ०.१ गुणिले १६ भागिले ६, जवळपास ०.२७. त्यात उताराचे ०.०१७५ मिळवले की ०.२८ पेक्षा थोडं जास्त होतं आणि गुणांक १४ वरून ०.८८ वर येतो. ही अवस्था सेकंदाच्या काही भागापुरतीच टिकते, त्यामुळे तेवढ्याने उतार वाहून जाईलच असं नाही. पण प्रत्येक हेलकाव्यागणिक गाळाच्या छिद्रांतल्या पाण्याचा दाब थोडा थोडा चढत जातो, आणि खरा धोका तोच आहे.

भूकंपाशिवायही हा दाब चढू शकतो. नदीने किंवा हिमनदीने गाळ भराभर आणून टाकला की खालच्या चिकणमातीतलं पाणी बाहेर पडायला वाट मिळत नाही. वरचं वजन कणांऐवजी पाणी पेलू लागतं आणि कणांमधलं घर्षण कमी होतं. १ अंशाच्या उतारावर, घर्षणकोन (पाण्याचा जादा दाब नसताना कण ज्या उतारावर घसरू लागतात तो कोन) २५ अंश धरला, तर घसरण सुरू व्हायला वरच्या वजनाचा सुमारे ९६ टक्के भार पाण्याने उचललेला असावा लागतो. हे अशक्य वाटेल. पण सगळ्या गाळात असं व्हायची गरजच नसते. एका पातळ थरात झालं तरी पुरतं. म्हणून आम्ही ढिगाऱ्यात शिरण्याआधी तो ज्या थरावरून सरकला तो थर शोधतो. तो बहुधा न घसरलेल्या शेजारच्या भागात शाबूत असतो, आणि नमुना तिथूनच घ्यायचा असतो.

जाता जाता गॅस हायड्रेटबद्दल, म्हणजे पाणी आणि वायू मिळून गाळात गोठलेल्या बर्फासारख्या पदार्थाबद्दल. हायड्रेट वितळून उतार घसरतो हे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे आणि तत्त्वतः शक्यही आहे. मात्र एखाद्या विशिष्ट घसरणीला तेच कारण झालं हे दाखवणं फार अवघड असतं. दुसरं काही सुचत नाही म्हणून हायड्रेटचं नाव घेणं आम्हाला पटत नाही.

प्रश्न : सब-बॉटम प्रोफाइलरच्या चित्रात थरांच्या मधोमध एक कोरा पट्टा दिसतो. हा घसरलेला गाळ समजायचा का?

लगेच नाही. हे उपकरण तळाखाली ध्वनी पाठवतं आणि थरांच्या सीमांवरून परत आलेल्या प्रतिध्वनीचं चित्र काढतं. घसरताना थर मोडून एकजीव होतात, आतून ध्वनी परत फिरवायला ठळक सीमा उरत नाहीत, म्हणून असा गाळ साडेतीन किलोहर्ट्‌झच्या आसपासच्या उपकरणाला कोरा दिसतो हे खरं. पण गाळात वायूचे बुडबुडे असले तरी चित्र कोरंच येतं, आणि मुळात एकसारखा चिखल साचला असेल तरीही.

पहिली कसोटी सोपी आहे. कोऱ्या भागाच्या खाली थर पुन्हा दिसतात का? घसरलेल्या गाळातून ध्वनी आरपार जातो, त्यामुळे खालचे थर स्पष्ट उमटतात. वायू ध्वनी शोषून आणि विखरून टाकतो, त्याच्याखाली सगळं पुसलेलं असतं. दुसरी कसोटी कडांची. वायूचा पडदा थरांना उभा छेद देतो आणि कडेचे थर त्याच्यात शिरता शिरता फिके होतात. घसरलेला गाळ भिंगासारखा असतो, बाजूला निमुळता होत संपतो. त्याचा वरचा पृष्ठभाग उंचसखल आणि तळ बऱ्याच अंतरापर्यंत एका थराला धरून, मग मध्येच पायरी घेऊन खालच्या थरावर उतरलेला दिसतो. अशी पायरी दिसली की शंका जवळजवळ मिटते. साध्या साचण्याने ती तयार होत नाही, खालचे थर कापले गेले तरच होते.

तिसरी कसोटी वर साचलेल्या थरांची. उंचसखल पृष्ठभागावरचे खळगे नंतरच्या गाळाने आधी भरले जातात. हे थर खळग्यात जाड आणि उंचवट्यावर पातळ झालेले दिसले तर तो उंचसखलपणा खरा आहे.

मोठ्या, खोल घसरणींसाठी हे उपकरण अपुरं पडतं. मऊ चिखलात ते काही दहा मीटर पोचतं, वाळूत तर काही मीटरच. मग एअरगनचं, म्हणजे दाबलेली हवा सोडून केलेल्या दणक्याचे प्रतिध्वनी टिपणारं, सिस्मिक सर्वेक्षण लागतं. त्यात खोली मिळते पण बारकावा जातो. ५० हर्ट्‌झची लहर आणि सेकंदाला १,८०० मीटर वेग धरला तर तरंगलांबी ३६ मीटर. तिचा चौथा हिस्सा, म्हणजे ९ मीटर, ही वेगळे ओळखू येणाऱ्या थरांची साधारण मर्यादा. याहून पातळ असा दहा घसरणींचा संच त्या चित्रात एकच जाड ढिगारा म्हणून दिसू शकतो. ‘महाकाय’ म्हणून नोंदलेल्या एखाद्या घसरणीचे पुढे भाग पडले तर त्याचं कारण बऱ्याचदा इथे असतं.

आणखी एक सूचना. सिस्मिक चित्रं उभ्या दिशेने पाच-दहा पट ताणून छापतात. दोन अंशांचा उतार त्यात कड्यासारखा दिसतो. अर्थ लावण्याआधी एकदा दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखं करून चित्र बघा. विचार बदलतात.

प्रश्न : मल्टिबीम सोनारच्या नकाशावर वरची खाच आणि खालचा ढिगारा दोन्ही दिसतात. मग घनफळ काढणं सोपंच नाही का?

दिसतात तेव्हाही सोपं नाही, आणि खोल पाण्यात पुष्कळदा नीट दिसतच नाहीत. हा सोनार जहाजाखालच्या पट्ट्यात ध्वनीचे अनेक झोत (बीम) सोडून खोली मोजतो. १ अंशाचा बीम १,००० मीटर खोलीवर सुमारे १७ मीटर रुंद जागा एका आकड्यात बसवतो, ३,००० मीटरवर ५२ मीटर. त्याहून लहान कडे आणि भेगा नकाशातून गळतात. त्या हव्या असतील तर तळापासून पन्नासेक मीटर उंचीवरून चालणारं स्वयंचलित वाहन पाठवावं लागतं. शिवाय पाण्यातल्या ध्वनिवेगाची मोजणी जुनी असेल तर प्रत्येक पट्ट्याच्या दोन्ही कडा वर किंवा खाली वळतात आणि जहाजाच्या मार्गाला समांतर खोटे वरंबे उमटतात. दाबाने उठलेल्या वळ्या म्हणून यांची नोंद होऊ शकते. नकाशावर जहाजाचा मार्ग टाकून बघितला की असा वरंबा लगेच उघडा पडतो.

घनफळाचे दोन हिशेब असतात. खाचेतून किती गेलं, हा एक. त्यासाठी घसरणीपूर्वीचा तळ कसा असेल ते दोन्ही बाजूंच्या शाबूत उतारांवरून जोडून घ्यावं लागतं. खाली किती साचलं, हा दुसरा. त्यासाठी जाडी सिस्मिक वेळेवरून येते: जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद लागले आणि वेग १,६०० मीटर धरला तर ८० मीटर, १,८०० धरला तर ९०. वेगाच्या अंदाजातली चूक जशीच्या तशी घनफळात उतरते.

हे दोन आकडे जुळत नाहीत, आणि न जुळणं हीच माहिती आहे. खालचा आकडा मोठा आला तर वाटेत तळ खरवडून गाळ उचलला गेला. लहान आला तर एक भाग पातळ होऊन गढूळ प्रवाहाच्या रूपाने पुढे निघून गेला, किंवा घुसळताना पाणी निघून गाळ आवळला गेला. लेखात एकच घनफळ दिलेलं असेल तर ते खाचेचं की ढिगाऱ्याचं, हे आधी शोधा.

प्रश्न : घसरलेल्या गाळाचा कोअर काढला तर त्यात नेमकं काय बघायचं? वाकडे थर दिसले की पुरेसं आहे का?

वाकडे थर कोअर, म्हणजे नळीने काढलेला गाळाचा उभा नमुना, काढतानाही तयार होतात, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

पिस्टन कोअररमध्ये वजनाखाली एक लांब नळी असते आणि आत प्लास्टिकची दुसरी नळी, म्हणजे लायनर. बाजूला लोंबणारं छोटं वजन आधी तळाला टेकतं आणि मुख्य नळी सुटते. ती काही मीटर मोकळी पडून गाळात घुसते, आणि आतला पिस्टन तळाच्या पातळीवरच थांबून गाळाला नळीत शिरायला मदत करतो. दोराचा मोकळा फेरा चुकला तर हे सगळं बिघडतं. सर्वांत फसवा बिघाड असा: नळी पूर्ण घुसत नाही, वर ओढताना पिस्टन सरकतो आणि खालून गाळ आत शोषला जातो. कोअर भरलेला दिसतो, पण त्याच्या खालच्या भागात लायनरला समांतर उभ्या रेघा असतात. घसरणीत पातळ होऊन वाहिलेला गाळ म्हणून हा शोषलेला चिखल सहज खपून जातो. उपाय डेकवरच करायचा आहे. नळीच्या बाहेरच्या अंगाला चिखल कुठपर्यंत लागला आहे ते मोजा आणि कोअरच्या लांबीशी ताडून बघा. चिखल १० मीटरपर्यंत आणि कोअर १४ मीटर असेल, तर खालच्या ४ मीटरवर विश्वास ठेवू नका. ही नोंद त्याच वेळी झाली नाही तर पुढे कोणत्याही प्रयोगशाळेत ती मिळवता येत नाही.

वरच्या टोकाला उलटी अडचण असते. पिस्टन कोअर तळाचा सर्वांत वरचा मऊ गाळ पुष्कळदा उडवून लावतो, म्हणून शेजारी छोटा ग्रॅव्हिटी कोअर (नुसत्या वजनाने घुसणाऱ्या नळीचा) किंवा मल्टिकोअर (एकत्र बसवलेल्या छोट्या नळ्यांचा) घ्यावा लागतो.

कोअर वर आल्यावर दीड-दीड मीटरचे तुकडे करून टोपणं बसवतात, आणि वरचं टोक कुठलं याची खूण तेव्हाच करतात. कापायची घाई नको. आधी तो खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, नाहीतर ध्वनिवेगाची मोजणी चुकते. मग न कापताच घनता, ध्वनिवेग आणि चुंबकीय ग्रहणशीलता दर एक-दोन सेंटिमीटरला मोजतात. शक्य असेल तर सीटी स्कॅन करतात. तो फार मोलाचा ठरतो: चिखलात अडकलेला चिखलाचाच गोळा डोळ्याला दिसत नाही, रंग तोच, पोत तोच. घनता मात्र जराशी जास्त असते, त्यामुळे स्कॅनमध्ये तो उठून दिसतो. एकसंध वाटणारा मीटरभर राखाडी गाळ स्कॅनमध्ये गोळ्यांनी खच्चून भरलेला निघतो.

त्यानंतर उभा छेद घेऊन दोन अर्ध्या पन्हळी करायच्या. एक जपून ठेवायची, दुसरी नमुन्यांसाठी. पृष्ठभाग साफ करताना पाती नेहमी आडवी, थरांच्या दिशेने ओढायची. लांबीच्या दिशेने ओढली की वरची वाळू खालच्या चिखलावर पसरते आणि नसलेला थर तयार होतो.

आता वाकड्या थरांकडे. सगळ्या कोअरभर थर सारख्याच कोनात तिरपे असतील तर बहुधा नळीच तिरपी घुसली आहे. कोन अचानक बदलत असेल, वर आडवे थर, मग एका रेघेखाली ३० अंश, पुन्हा आडवे, तर ती घसरण. थर फक्त लायनरजवळ खाली वाकलेले असतील तर ती नळीची ओढ आहे, ते सोडून द्या. सर्वांत महत्त्वाची जागा ढिगाऱ्याच्या तळाची रेघ. तिच्या खालच्या काही सेंटिमीटरमध्ये बारीक भेगा, ताणून दोऱ्यासारखे झालेले थर, वर घुसलेली वाळू, काय काय सापडतं ते भिंगाखाली बघण्यासारखं असतं. नमुने घेताना तेवढी जागा फोडून टाकू नका, अखंड काढून रेझिनमध्ये बसवा.

एक साधी मोजणीही खूप सांगून जाते. घसरलेला गाळ त्याच खोलीवरच्या शाबूत गाळापेक्षा सहसा अधिक घट्ट असतो आणि त्यात पाणी कमी असतं, कारण घुसळताना कणांची मोकळी रचना कोसळते. ढिगाऱ्याच्या सीमेवर शिअर स्ट्रेंथ एकदम उडी घेते. पण पाण्याचं प्रमाण मोजायचा नमुना कापल्या कापल्या डबीत बंद केला नाही तर या आकड्यांना अर्थ उरत नाही.

प्रश्न : डेब्राइट आणि टर्बिडाइट यांत फरक काय? दोन्ही एकाच घसरणीतून येतात ना?

येऊ शकतात. डेब्राइट हा ओल्या काँक्रीटसारख्या घट्ट प्रवाहाचा गाळ. प्रवाह थांबतो तेव्हा सगळा एकदम थिजतो, म्हणून त्यात लहानमोठं सगळं मिसळलेलं असतं आणि मोठे गोळे चिखलात अधांतरी दिसतात. टर्बिडाइट हा गढूळ प्रवाहातून कण कण खाली बसून तयार होतो, म्हणून तळाशी जाड वाळू आणि वर वर बारीक होत जाणारा चिखल. गाळाचे अभ्यासक अर्नोल्ड बाउमा यांनी १९६२ मध्ये या थराचे पाच भाग मांडले: तळाची वाळू, सरळ रेघांची वाळू, तरंगचिन्हांची वाळू, पुन्हा सरळ बारीक रेघा आणि शेवटी चिखल. पाचही भाग एकत्र क्वचितच मिळतात. डेब्राइटच्या माथ्यावर टर्बिडाइटचा पातळ थर बसलेला असेल आणि मध्ये शांतपणे साचलेला चिखल नसेल, तर दोन्ही एकाच घटनेचे समजायला हरकत नाही.

प्रश्न : अशा घसरणीचं वय कसं काढतात? आणि त्यात इतकी अनिश्चितता का असते?

घसरलेल्या गाळाचं वय काढून उपयोग नसतो, कारण तो आधीच जुना असतो. वय काढायचं ते त्याच्या वर आणि खाली शांतपणे साचलेल्या चिखलाचं. वरचा चिखल घसरणीनंतरचा, खालचा आधीचा.

रेडिओकार्बनसाठी त्या चिखलातून पाण्याच्या वरच्या थरात तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म एकपेशी जीवांची कवचं, शक्यतो एकाच प्रजातीची, सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशने एकेक करून निवडतात. नेहमीच्या मोजणीला १० मिलिग्रॅमच्या आसपास कवचं लागतात, म्हणजे काहीशे ते हजारभर. कवचं मळलेली किंवा झिजलेली असतील तर ती दुसरीकडून वाहत आलेली असू शकतात, बाजूला काढायची. समुद्राच्या पाण्यातला कार्बन हवेतल्यापेक्षा जुना असल्यामुळे कच्चं वय काही शतकांनी जास्त येतं. ती दुरुस्ती करून ‘मरीन २०’ या, सागरी नमुन्यांचं कार्बन-वय खऱ्या वयाशी जोडणाऱ्या, वक्रावरून खरं वय काढतात.

चुका तीन ठिकाणी होतात. पहिली, ढिगाऱ्याच्या माथ्यावरचा टर्बिडाइटचा चिखल शांत चिखल समजून घेतला जातो. तो त्याच घसरणीत उडालेला जुना चिखल असतो, वय हजारो वर्षांनी जास्त येतं. दुसरी, नमुना सीमेपासून दूर घेतला जातो. हजार वर्षांत १० सेंटिमीटर चिखल साचत असेल आणि नमुना सीमेच्या २० सेंटिमीटर वर असेल, तर मिळालेलं वय घसरणीपेक्षा २,००० वर्षांनी कमी आहे. ते मिळवायला हवं. तिसरी सर्वांत अवघड: ढिगाऱ्याने तळ खरवडला असेल तर खालच्या चिखलाचे वरचे काही थर गायबच असतात, आणि खालचं वय विनाकारण जुनं येतं. म्हणून ढिगाऱ्याच्या पातळ कडेला, जिथे खरवड कमी असते, तिथे कोअर घेणं केव्हाही बरं. जाड मध्यभाग आकर्षक दिसतो, पण वयासाठी कडा उपयोगाच्या.

रेडिओकार्बन सुमारे ५०,००० वर्षांपर्यंतच चालतो. त्यापलीकडे ऑक्सिजनचे समस्थानिक, ज्वालामुखीच्या राखेचे ओळखीचे थर, सूक्ष्मजीवाश्म, चुंबकीय ध्रुवबदल यांचा आधार घ्यावा लागतो. अगदी अलीकडच्या, शंभरेक वर्षांतल्या घसरणीला शिसे-२१० आणि सीझियम-१३७ हे किरणोत्सारी समस्थानिक.

कधी कधी सर्वांत चोख तारीख जमिनीवर मिळते. स्टोरेगाच्या त्सुनामीने नॉर्वेच्या किनाऱ्यावर वाळू आणून टाकली. त्या वाळूत झटक्यात गाडली गेलेली मॉस वनस्पती अजून हिरवी सापडली. तिच्या वयावरून घटना सुमारे ८,१५० वर्षांपूर्वीची ठरली, आणि तिच्या कोंबांच्या वाढीवरून ऋतूही कळला: शरदाचा उत्तरार्ध. समुद्रातल्या कोअरवरून एवढी नेमकी तारीख मिळत नाही.

प्रश्न : तुटलेल्या केबलवरून घसरणीचा वेग काढला होता असं ऐकलं. ते कसं?

१८ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूफाउंडलंडच्या (आजच्या कॅनडाचा पूर्व भाग) दक्षिणेला ग्रँड बँक्स या उथळ समुद्रभागाच्या कडेला ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्राजवळच्या तारायंत्राच्या केबल जवळजवळ त्याच क्षणी तुटल्या. आश्चर्य पुढे आहे. खाली, अधिकाधिक खोल पाण्यात असलेल्या केबल एकामागून एक, ओळीने, पुढचे सुमारे १३ तास तुटत गेल्या. एकूण बारा. संदेश कधी थांबला याची मिनिटवार नोंद होती आणि तुटल्याची जागा विद्युत्‌रोध मोजून कळत होती. दोन केबलमधलं अंतर भागिले वेळेतला फरक, झाला वेग.

त्या काळी ही तुटातूट भूकंपाच्या हादऱ्यांनी झाली असं मानलं गेलं. ब्रूस हीझेन आणि मॉरिस युइंग या समुद्रतळाच्या अभ्यासकांनी १९५२ मध्ये ओळीने तुटण्याचा हा क्रम गढूळ प्रवाहाने समजावून दिला. सुरुवातीचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या घरात निघाला. पुढे त्या भागाचं बारकाईने सर्वेक्षण झालं तेव्हा एकच प्रचंड खाच सापडली नाही. उतारावर ठिकठिकाणी पातळ थर सुटले होते आणि ते घळयांतून एकत्र येऊन प्रवाह झाला होता. मोठ्या प्रवाहामागे एकच मोठी खाच असणार, असं धरून शोधायला गेलं तर अशी घटना हातून निसटते.

हीच रीत आजही चालते. जानेवारी २०२० मध्ये आफ्रिकेच्या पश्चिमेला काँगो घळईतला प्रवाह १,१०० किलोमीटरहून जास्त अंतर गेला आणि वाटेतल्या इंटरनेटच्या केबल तुटल्या. घळईत बसवलेली उपकरणंही त्याने उखडली. ती वर येऊन संदेश पाठवू लागली त्या वेळा जुळवून वेग काढला, आणि प्रवाह पुढे जाता जाता मंद होण्याऐवजी वेगवान झाल्याचं दिसलं.

प्रश्न : अरबी समुद्रात अशी मोठी घसरण झाली आहे का?

झाली आहे, आणि ती जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे लक्ष्मी खोऱ्यात गाडलेल्या या ढिगाऱ्याला ‘नटराज’ नाव दिलं आहे. सिस्मिक रेषांवरून त्याचं घनफळ सुमारे १९,००० घन किलोमीटर आणि जास्तीत जास्त जाडी ८०० मीटरच्या आसपास ठरली. वय सुमारे १ कोटी ८ लाख वर्षं.

२०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी उत्खनन कार्यक्रमाच्या ३५५व्या मोहिमेत ‘जॉइडीस रिझोल्यूशन’ जहाजाने इथे दोन ठिकाणी विवरं घेतली. पहिलं ठिकाण किनाऱ्यापासून सुमारे ४७५ किलोमीटरवर, ३,६०० मीटरहून खोल पाण्यात. एका ठिकाणी हा ढिगारा ३०० मीटरहून जाड, दुसऱ्या ठिकाणी २०० मीटरच्या आसपास लागला. कोअरमध्ये उथळ पाण्यातल्या चुनखडीचे तुकडे मिळाले. इतक्या खोल तळावर ही चुनखडी तयार होऊ शकत नाही. ती खंडाच्या कडेवरून, उत्तरेकडच्या सौराष्ट्राच्या बाजूने आली असावी असा अंदाज आहे. सिस्मिक चित्र फक्त आकार दाखवतं, माल कुठला हे कोअरच सांगतो. त्या सगळ्या विस्ताराला दोनच विवरं आहेत हेही लक्षात असू द्या. ही एकच घसरण की थोड्या थोड्या अंतराने झालेल्या अनेक, हे दोन टोचण्यांवरून छातीठोकपणे सांगता येणार नाही.

प्रश्न : प्रत्येक मोठ्या घसरणीने त्सुनामी येते का? आणि एकदा घसरलेला उतार पुन्हा घसरतो का?

नाही. घनफळ मोठं असलं तरी गाळ सावकाश निघाला, किंवा तुकड्यातुकड्याने मागे मागे सुटत गेला, किंवा फार खोल पाण्यात घसरला, तर लाट लहान राहते. सुरुवातीचं त्वरण आणि वरच्या पाण्याची खोली हे सर्वांत निर्णायक. म्हणून जुन्या ढिगाऱ्यावरून त्सुनामीचा अंदाज बांधणाऱ्याने आधी विचारायचं: हा एका दमात सुटला का? वर साचलेला टर्बिडाइट एकच थर असेल तर हो म्हणायला आधार आहे. थोड्याथोड्या चिखलाने वेगळे झालेले चार थर असतील तर नाही.

लहान घसरण मात्र हलकी समजू नये. १७ जुलै १९९८ रोजी पापुआ न्यू गिनीच्या किनाऱ्यावर १५ मीटरपर्यंतच्या लाटा आल्या आणि २,१०० हून अधिक माणसं गेली. भूकंप साधारण ७ तीव्रतेचा होता, त्याच्या मानाने लाटा फारच मोठ्या होत्या. पुढच्या सर्वेक्षणांत किनाऱ्यासमोर तळावर ताजी घसरण सापडली, घनफळ सुमारे ६ घन किलोमीटर. स्टोरेगाच्या शंभराव्या हिश्शाइतकीही नाही.

पुन्हा घसरण्याबद्दल: मोकळी झालेली खाच पुन्हा गाळाने भरेपर्यंत तोच भाग त्याच प्रकारे घसरायची शक्यता कमी असते. स्टोरेगाच्या खाचेतच ओर्मेन लांगे हे वायूक्षेत्र आहे. २००७ मध्ये उत्पादन सुरू होण्याआधी उताराचा कसून अभ्यास झाला. हिमयुगात भराभर साचलेला आणि मऊ चिकणमातीवर रेललेला गाळ निघून गेला आहे, तसा साठा पुन्हा व्हायला नवं हिमयुग लागेल, असा निष्कर्ष निघाला. काळजी खाचेच्या आतली नसते, तिच्या वरच्या आणि बाजूच्या कड्यांची असते. तिथे जुना कमकुवत थर अजून वजन पेलत उभा असतो आणि पायथ्याचा आधार मात्र गेलेला असतो. छिद्रदाब मोजायच्या नळ्या पुरायच्या त्या तिथेच. आणि पुरल्यावर घाई करू नये. नळी घुसवतानाच दाब चढतो, चिकणमातीत तो उतरायला काही तासांपासून काही दिवस लागतात. स्थिर होण्याआधी वाचलेला आकडा उताराचा नसतो, नळी घुसवल्याचा असतो.